न्हाणीचं गाऱ्हाणं

सुदेशला कुणी काम सांगितलं की तो आधी येतो उशिरा, आणि आल्यावर बसतो. हत्यारांची पिशवी बाजूला टाकून, पायरीवर नाहीतर चौकटीत, जिथून काम दिसेल अशा जागी नुसता बसतो. घरची माणसं चहा देतात, चहा संपतो, तरी हा बसलेलाच. मग कधीतरी म्हणतो, "एक कळशी पाणी दिया." ते पाणी तो जमिनीवर हळूच ओततो आणि ते कुठल्या अंगाला वळतं, कुठे घुटमळतं, कुठल्या भेगेत शिरतं ते बघत राहतो. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एखाद्या घरमालकाचा जीव तेवढ्यात वरखाली होतो. पण मिठबावात आणि आजूबाजूला नळ, टाक्या, संडास, जे काही पाण्याचं असेल ते सुदेशनेच करायचं असं ठरून गेलेलं आहे, त्यामुळे घरमालकाला बसून राहण्यावाचून गत्यंतर नसतं.

गावात यावरून त्याची भरपूर टिंगल होते. "सुदेशाक बोलवलास? मगे आदी खाट घाला," असं लोक म्हणतात. त्याला दुसरीही एक खोड आहे. भिंतीतल्या पायपाला कान लावून तो डोळे मिटून उभा राहतो. गळती कुठे आहे ते ऐकतो, असं त्याचं म्हणणं. उभ्या उभ्या झोपतो, असं बाकीच्यांचं. खरं सांगायचं तर दोन्ही थोडं थोडं बरोबर आहे.

ही खोड मुंबईची. दहावी झाल्यावर मामाने त्याला नेऊन उंच इमारतींत संडास-बाथरूम बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लावलं होतं. इमारत अजून रिकामी, खिडक्यांना काचा नाहीत, आणि हा वरच्या कुठल्यातरी मजल्यावर कमोड बसवून पहिलं पाणी सोडायचा. ते पाणी खालच्या सगळ्या रिकाम्या घरांमधून घरंगळत जायचं. पार तळाशी पोचेपर्यंत तो पायपाला कान लावून ऐकत राहायचा, आणि त्याला त्यात आपल्या पुळणीवरची लाट ऐकू यायची. बरोबरचे लोक हसायचे. वडील गेल्यावर तो गावी आला, तो काही कायमचा म्हणून नाही. पण एकाचा नळ, दुसऱ्याची टाकी असं करता करता राहिला, रसिकाशी लग्न झालं, पोरी झाल्या. आता किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या झाल्यात आणि प्रत्येकाला समुद्र दिसणारा संडास हवा असतो. त्यासाठी त्याला लांबलांबून बोलावणी येतात. एवढं असूनही माणूस वेळेवर जाईल तर शपथ.

आणखी एक सांगायचं राहिलं. काम सुरू करण्याआधी सुदेश गाऱ्हाणं घालतो. आपल्याकडे घराचा पाया असो, विहीर असो, लग्न असो, देवाला तोंडाने सांगितल्याशिवाय काही हलत नाही. एकाने विनवायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. सुदेश पंप बसवताना गाऱ्हाणं घालतो, टाकी चढवताना घालतो, बोअरिंगचा पाईप सोडताना तर नारळ फोडून घालतो. जागेचा जो कोण राखणदार असेल त्याला विचारल्याशिवाय जमिनीला पहार लावायची नाही, असा त्याचा साधा हिशेब आहे. फक्त संडासाला तो गाऱ्हाणं घालत नाही. देवाला कुठल्या तोंडाने सांगायचं, असं त्याला वाटतं.

विमलाकाकीच्या किशोरीचा फोन आला तो पौषातल्या एका सकाळी. आंब्याला मोहोर फुटला होता, त्या वासाने सगळी वाडी जडावली होती, आणि सुदेश अंगणात उभा राहून दात घासायचं विसरून कुठेतरी बघत होता.

विमलाकाकीचं घर वाडीच्या टोकाला, खाडीच्या अंगाला. तिचा नवरा भाई बोटीवर होता, जग फिरून आलेला माणूस. नोकरी संपवून गावी आल्यावर त्याने वाडीतला पहिला पक्का संडास बांधला, तोही परसाच्या पार कडेला, काजूखाली. संडास घराला चिकटून असणं त्याला आणि काकीला दोघांनाही किळसवाणं वाटायचं. भाई जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या सुमाराला काकी त्याच परसातल्या वाटेवर, शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. किशोरी डोंबिवलीहून येऊन राहिली, तिने सगळं केलं, पण तिची नोकरी, तिचा संसार तिकडे. एकुलती एक मुलगी ती. किती दिवस राहणार?

"सुदेश, आईक घरातल्या घरात संडास होया," ती फोनवर म्हणाली. "बिछान्यातसून उठली की समोर. मी येतलंय तेवा ती तो वापरताना दिसली, तर ती रवांदे थंय. नायतर मी तिका घेवन येतलंय हकडे. मगे ती कितीव रडांदे."

"तिका इचारलंस, ताय?"

"तिका काय इचारूचा? ती हकडे इली की दिवसभर खिडकीत बसान रवता, बोलणा नाय, चालणा नाय. माका काय समजणा नाय? पण ती परत पडली तर बघतलो कोण?" तिचा आवाज भरून आला होता हे सुदेशला कळलं.

काकीला इथून उपटून डोंबिवलीला नेणं म्हणजे काय, हेही त्याला कळत होतं. तो स्वतः तिकडून परत आलेला माणूस होता. त्या दिवशी सुदेश चक्क तासाभरात कामावर हजर झाला. वाडीत कुणाचा विश्वास बसला नसता.

बसून, पाणी ओतून, सगळ्या घरात फिरून झालं. माजघराच्या भिंतीला देवघर, तिथे प्रश्नच नव्हता. पडवीत पाणी उलटं यायचं. राहता राहिली न्हाणी. काकीच्या झोपायच्या खोलीला लागून, उतार बरोबर मागे, खड्ड्याला जागाही तिथेच.

ती जुन्या पद्धतीची न्हाणी होती. चिऱ्याच्या भिंती धुराने काळ्या झालेल्या. कोपऱ्यात चूल आणि चुलीवर कायमचा बसवलेला, पाणी तापवायचा तांब्याचा भाणा. मधे अंघोळीची काळी धोंड, इतक्या वर्षांच्या पाण्याने गुळगुळीत. वर कौलांत एक काच बसवलेली, तिच्यातून उन्हाचा पट्टा धुरातून तिरका उतरायचा. अंघोळीचं पाणी भिंतीच्या भोकातून बाहेर जायचं ते थेट माडाच्या मुळात. आपल्याकडे न्हाणीमागे असा एक माड असतोच, आणि घरातले सगळ्यात गोड नारळ त्याचेच असतात.

"न्हाणयेत?" काकी म्हणाली. "मेल्या, तुका दुसरी जागा गावली नाय?"

"उतार हंयच आसा, काकी. पाणी हकडेच वळता."

"ह्या धोंडीकडे मी वाडीतली पोरां न्हाणयलंय. किशोरीक न्हाणयलंय. तुकाय न्हाणयलंय. तुझी आवस तापान फणफणलेली, तू इतकोसो व्हतस, हातात धरूक लोक घाबरत. ह्या पायांर घालून न्हाणयलंय तुका. तुझा पाणी गेलला आसा त्या माडाक."

हे खरंच होतं. सुदेशची आई नर्मदा बाळंतपणानंतर बरेच महिने अंथरुणाला होती, आणि एरवीही वाडीत मूल जन्मलं की न्हाऊ घालायला विमलाकाकीच लागायची. धोंडीपाशी पाटावर पाय लांब सोडून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायची, तेल चोळायची, नारळाचा रस चोळायची, मग तांब्या-तांब्याने कढत पाणी. बाळ आधी घर डोक्यावर घ्यायचं, आणि मग एकाएकी गप्प होऊन तिच्या पायांवरच झोपून जायचं. वाडीतल्या बायका म्हणायच्या, विमलाच्या हातात गुंगीचं औषध आहे.

सुदेशला त्यातलं काही आठवणं शक्यच नव्हतं. पण काकी रागारागाने चहा करायला गेली आणि तो विचार करायला म्हणून धोंडीवर टेकला, तेव्हा त्या न्हाणीतल्या वासाने, धूर, ओला चिरा, करपलेली नारळाची सोडणं यांच्या वासाने, त्याच्या पापण्या जड झाल्या. काचेतून उतरलेलं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं. भाण्याच्या तळाशी उरलेली धग होती. लांब पुळणीवर समुद्र वाजत होता की भाण्यातलं पाणी कुजबुजत होतं, ते नीटसं कळत नव्हतं. त्याला वाटलं, पाठीवर कुणाचा तरी तेलकट हात फिरतोय आणि डोक्यावरून ऊन ऊन पाणी ओघळतंय. ते पाणी धोंडीवरून निघालं, भिंतीच्या भोकातून बाहेर पडलं, माडाच्या मुळात जिरलं आणि खोडातून वर वर चढत गेलं. पार शेंड्याला, जिथून खाडी दिसते, बोटी दिसतात, लांबवर गेलेली माणसं दिसतात. तिथे ते पाणी नारळांत जाऊन बसलं आणि वाऱ्यावर झुलू लागलं. सुदेशही त्याच्याबरोबर झुलत होता.

काठीचं टोक खांद्याला लागलं तेव्हा तो दचकून उठला. समोर काकी उभी होती, एका हातात चहाची कपबशी.

"कामाक इलंस की निजाक?"

तो ओशाळून हसला. काकी मात्र त्याच्याकडे बघत राहिली. झोपेतून उठलेल्या माणसाचं तोंड लहानपणीच्या तोंडासारखं दिसतं, तसं काहीतरी तिला दिसलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"कर काय ता," ती म्हणाली. "किशोरी काय ऐकाची नाय. पण माडाचा पाणी तोडू नको. ता तेचा तेका जाऊक होया."

काम सुरू झालं. खड्डा खणायला शिवा आला, वाडीतला जुना गडी. कमोड जामसंड्याहून रिक्षातून आला, गवतात गुंडाळलेला. पाईप जिथे निघायचा नेमकी तिथेच धोंड होती, म्हणून दोघांनी पहार लावून ती भिंतीकडे सरकवली. पहार लावण्याआधी शिवा क्षणभर थांबला होता.

"गाऱ्हाणा घालूचा नाय?" त्याने विचारलं.

"संडासाचा कसला गाऱ्हाणा?" सुदेश म्हणाला, आणि दोघेही हसले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली काकी हसली नाही. ती उठली आणि काठी टेकत पुढच्या अंगणात जाऊन बसली, ती दिवसभर मागे फिरकली नाही. सुदेशच्या ते ध्यानात आलं, पण तो उतार धरण्यात गुंग होता. पाईप सारखा धरला नाही तर सगळं मुसळ केरात, म्हणून तो पुन्हा पुन्हा लेव्हल लावून बघत होता.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं. अंघोळीच्या पाण्याची वाट जुनीच ठेवली, माडाकडे जाणारी. संडासाचा पाईप वेगळा, चेंबर वेगळं. काकीला धरून उठता यावं म्हणून भिंतीत स्टीलचा कठडा बसवला. त्या काळ्याकुट्ट न्हाणीत पांढराशुभ्र कमोड चुकून आलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. सुदेशने पहिलं पाणी सोडलं, पायपाला कान लावला, आणि पाणी कुठेही न अडखळता खड्ड्यात उतरल्याचं ऐकून त्याला आतून बरं वाटलं. काकी राहणार, या आनंदात तो घरी गेला आणि रसिकाला म्हणाला, आज मासे आणूया.

काम झाल्यावर मधे काही दिवस जाऊ देऊन एकदा बघून यायची त्याची रीत आहे. तो गेला तेव्हा काकी ओसरीवर लसूण सोलत होती.

"बरो चलता मा गो काकी?"

"चलता तर. एकदम झकास," काकी लसणीकडे बघत म्हणाली.

सुदेश मागे गेला आणि चेंबरचं झाकण उचललं. आत कोळ्याने जाळं विणलं होतं, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक धागा तुटलेला नाही. मधोमध कोळी निवांत बसला होता. तळाचं सिमेंट कोरडं, नवं. त्याने सोडलेल्या पहिल्या पाण्यानंतर तिथून पाण्याचा थेंबही गेलेला नव्हता. सुदेश झाकण हातात धरून कितीतरी वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मग ते हळूच जागेवर ठेवलं आणि पुढे जाऊन, "येतंय काकी," एवढंच म्हणून निघाला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तो काकीच्या परसामागच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी जाऊन उभा राहिला. कशाला आलो, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. खाडीवरचं धुकं परसात शिरलं होतं. माड अर्धेच दिसत होते, शेंडे तेवढे वर. त्या धुक्यातून काकी आली. एका हातात काठी, एका हातात लोटा, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला खांदा लावून, एकेक चिरा पायाने चाचपत. जिथे ती पडली होती तिथे थांबली. काठी पुढे टेकली, घसरली, पुन्हा टेकली. हाक मारावी तर ती दचकून पडेल, धावावं तरी पडेल. तो गडग्याला धरून श्वास कोंडून उभा राहिला, ती काजूखाली जाईपर्यंत आणि तशीच चाचपत परत घरात शिरेपर्यंत. मग मात्र त्याला असा राग आला की तो गडग्यावरून उडी टाकूनच आत गेला.

"काकी, झकास चलता म्हणालंस?"

काकी चुलीपाशी पाठमोरी होती. तिने वळून बघितलं नाही.

"किशोरी परवा येता," ती म्हणाली. "तिका सांगू नको."

"वाटेर पडलंस तर?"

"पडलंय तर हंयच पडान. डोंबिवलीत तर पडूचा नाय."

सुदेश खाली बसला. त्याचा राग बसल्या बसल्या विरघळून गेला. "माझा काय चुकला ता तरी सांग," तो म्हणाला. "उंच झालो? खाली करतंय. दार लागणा नाय?"

"तुझा काम बरा आसा रे," काकी म्हणाली. ती पदराने डोळे पुसत होती, धुराचं निमित्त होतं. "बसलंय मी. दार लावन झाकणार बसलंय, एकदा सोडून कितीदा. डोळे मिटले की पोरां दिसतत. हयसरच तर घेवन बसायचंय. हयसर तेल, हयसर रस, हयसर त्येंच्या टाळवेर पाणी. त्या जागेर मी असा कसा करू? हात जोडतंय नि उठतंय." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "माका कोणी इचारूक नाय ता सोड. मी म्हातारी. पण त्या जागेक तरी कोणी इचारल्यान?"

सुदेश तिथून निघाला तो घरी गेलाच नाही. पुळणीवर जाऊन सुरूंच्या सावलीत बसला. ओहोटी लागली होती. ओली वाळू लांबवर चकाकत होती आणि पाणी जाताना आपल्या वाटा मागे ठेवून जात होतं, झाडाच्या फांद्यांसारख्या. त्या दिवशी त्याचे फोन वाजत राहिले, कुणाचा तरी गिझर, कुणाची तरी टाकी. त्याने एकही उचलला नाही. पंपाला आपण विचारतो, टाकीला विचारतो, लोखंडाच्या पायपासाठी देवापुढे हात जोडतो. आणि ज्या जागेवर आपल्याला पहिलं पाणी लागलं तिथे पहार घालताना दात काढून हसलो. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

किशोरी आली ती मोठी बॅग घेऊन, आणि बॅग रिकामी होती. आल्या आल्या न्हाणीत गेली. कमोडच्या झाकणावर दुकानातला कागद चिकटवलेला होता तो तसाच होता. ती बाहेर आली, आईकडे बघितलं, आणि भांडण वगैरे काही न करता मधल्या खोलीत जाऊन फळीवरची लुगडी काढून बॅगेत भरायला लागली. काकी ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. ती रडतही नव्हती. नुसती माडाकडे बघत होती, जणू निघायच्या आधी एकदा सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं होतं.

एवढ्यात सुदेश आला. अंघोळ केलेला, केस विंचरलेले, अंगात लग्नाकार्यातला सदरा. हातात नारळ.

"ताय, वायच थांब," तो म्हणाला.

"आता काय उरला, सुदेश?"

"गाऱ्हाणा घालूचा रवला."

किशोरीला हसावं की चिडावं कळेना. "संडासाचा?"

"न्हाणयेचा," तो म्हणाला आणि आत गेला. काकीने त्याच्याकडे बघितलं, काठी शोधली आणि त्याच्या मागून गेली. किशोरी हातात लुगडं घेऊन तशीच दारात येऊन उभी राहिली.

सुदेशने नारळ धोंडीपाशी ठेवला. काचेतून ऊन उतरलं होतं, त्यात धूर हळूहळू फिरत होता. त्याने हात जोडले.

"बा जागेवाल्या म्हाराजा, ह्या न्हाणयेच्या राखणदारा, भाण्यातल्या पाण्या, चुलीतल्या इस्त्या, भायल्या माडा. मी सुदेश आज तुमच्या पायाकडे उभो आसंय. जमनीक पहार लावच्या आदी तुमका इचारूचा व्हता, ता मी इचारूक नाय. माका लाज वाटली. ती माझी चूक पोटात घे रे म्हाराजा."

साथ द्यायला कुणीच बोललं नाही. बाहेर माडाची झावळ कौलांवर घासली.

"हंय जी जी पोरां न्हाली, जी मुंबयक गेली, जी बोटीर गेली, जी परत इली आणि जी परत येवक नाय, त्या सगळ्यांच्या वतीन मी सांगतंय. आमचो गू-मूत हिणा हंयच धुतल्यान. ह्याच धोंडीर, ह्याच पाण्यान, आणि ह्याच माडाक सोडल्यान. तेवा ही जागा बाटूक नाय. माडान नारळच दिल्यान रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," किशोरी म्हणाली. लहानपणीच्या सवयीने तिच्या तोंडून ते निघून गेलं. हातातलं लुगडं तिने तोंडाशी धरलं.

"आता हिचे पाय थकले. लांब जावक हिका जमणा नाय. आमचा जसा तू गोड करून घेतलंस, तसा हिचाय घे. हिका हंय बसांदे, हिका हंय रवांदे. ह्या घरातसून हिका हलवू नको रे म्हाराजा."

सुदेश थांबला. त्याला पुढचं काही आठवत नव्हतं, आणि साथ आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. तो हात जोडून उभा राहिला. डोळे उघडायची त्याची हिंमत होत नव्हती.

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाली. अगदी बारीक आवाजात, पण म्हणाली.

सुदेशने नारळ धोंडीवर आपटला. पाणी उडालं, धोंडीवरून घरंगळलं, कमोडला वळसा घालून भिंतीच्या भोकाकडे गेलं आणि माडाच्या दिशेने दिसेनासं झालं. तो सवयीने ते शेवटपर्यंत बघत राहिला.

"भायर जावा दोगांव," काकी म्हणाली.

ती दोघं स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. आतून कडी लागली. कागद फाटल्याचा आवाज आला, मग काठी भिंतीला टेकल्याचा, मग काहीच नाही. किशोरी चुलीकडे बघत होती. सुदेश कधी भिंतीकडे सरकला ते त्यालाही कळलं नाही. लांबवर समुद्र वाजत होता, दुपार कौलांवर पसरली होती, आणि काळ जणू त्या बंद दाराशी येऊन बसला होता.

"सुदेश," आतून आवाज आला. "मेल्या, पायपाक कान लावन रवलंस काय थंय? जा भायर."

त्याचा कान खरोखरच पायपाला होता. तो खाली मान घालून मागच्या दाराने परसात गेला. किशोरी तोंडावर हात दाबून हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो चेंबरपाशी पोचला आणि तेवढ्यात आत फ्लशची टाकी सुटली. पाणी पायपातून आलं, झाकणाखालून गेलं, उतारावरून सरळ खड्ड्यात उतरलं. टाकी पुन्हा भरायला लागली. मग कडी निघाली आणि काकीचा आवाज ऐकू आला, "किशोरी, भाणो पेटय गो. मी न्हातंय."

किशोरीने चुलीत सोडणं सारली, फुंकर घातली. जाळ धरल्यावर ती उठली, मधल्या खोलीत गेली, बॅग उघडली आणि आईची लुगडी एकेक करून परत फळीवर ठेवू लागली.